दोन बोटं खाली पडलेला उजेड

मालेगाव जहांगीरच्या उगवतीला, वाशीमच्या सडकेपासून हाकेच्या अंतरावर, दोन सख्ख्या भावांच्या दोन विहिरी होत्या. थोरला उत्तमराव, धाकटा गुलाबराव. दोघांचाही भाजीपाल्याचा मळा. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि मिरच्या बाजाराच्या दिवशी एकाच बैलगाडीतून जायच्या. वाटणीत जो बांध पडला तो नेमका या दोन विहिरींच्या मधून गेला. थोरल्याच्या विहिरीला तळाशी जिवंत झरा होता. धाकट्याची विहीर माघ सरता सरता दगड दाखवायची. १९५७ च्या दिवाळीनंतर भावांनी ठरवले की बांध आहे तिथे राहू द्यावा आणि जमिनीच्या पोटातून बोगदा काढून विहिरी जोडाव्यात. अंतर साठ हात. तीस हात थोरल्याने खणायचे, तीस धाकट्याने, आणि मध्ये भेटायचे.

वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता. त्या काळच्या जमिनीच्या कागदांत या कामाची एकच ओळ आहे: दोन विहिरी 'आतून जोडलेल्या'. बोगद्याचे छत मधोमध दीड वीत उचललेले आहे, हे त्या ओळीत नाही. ते तसे का झाले, हे ज्या बाईला सर्वांच्या आधी कळले होते तिचे नाव तर त्या कागदांत कुठेच नाही. ती बाई म्हणजे उत्तमरावांची बायको, गिरजाबाई.

लग्न होऊन तिला चौदा वर्षे झाली होती. अंगाने सडपातळ, बोलायला कमी, आणि नजरेने अशी पक्की की वांग्याची रोपे ती दोरी न बांधता लावायची. तरी ओळ दोरी बांधल्यासारखी सरळ यायची. दोन रोपांमध्ये किती वीत, किती बोटे, हे तिचे हातच जाणत. बोगद्याच्या कामात उजेडाचे खाते तिच्याकडे आले ते याच गुणामुळे.

अरुंद बोगद्यात कंदील लावला की धूर कोंडतो. गुलाबरावांकडचे गडी कंदिलावरच खणत आणि दर घटकेला खोकत बाहेर येत. उत्तमरावांनी मात्र उन्हाचा उजेड आत न्यायचे ठरवले. त्यासाठी दोन आरसे लागले. एक मोठा, मोडक्या कपाटाचा, विहिरीच्या काठावर लाकडी खुंटीत बसवलेला. तो गिरजाबाईने सूर्य सरकेल तसा फिरवत राहायचा आणि उन्हाचा झोत सरळ खाली सोडायचा. दुसरा आरसा विहिरीच्या तळाशी, मोटेने पाणी उपसून उघड्या पडलेल्या खडकावर, एका तिवईवर, अर्धा कललेला. तो वरून आलेला झोत आडवा वळवून बोगद्यात पाठवी. झोत सरळ उतरतो आहे की नाही हे पाहायला वरून ओळंबा सोडलेला असे. त्याच्या टोकाची सावली खालच्या आरशावर लावलेल्या कुंकवाच्या टिकलीवर पडली की समजायचे, झोत बरोबर आहे.

हाच उजेड दिशाही दाखवी. सकाळी काम सुरू करताना आरशावर छिद्र पाडलेला पत्रा धरायचा. बोगद्याच्या तोंडावरच्या दगडावर पैशाएवढा ठिपका पडे. तो ठिपका म्हणजे बोगद्याची मध्यरेषा. मग पत्रा काढून पूर्ण उजेड सोडायचा आणि दिवसभर खणायचे. पहिल्या दिवशी ही रेषा गिरजाबाईनेच बांधली होती. परातीत पाणी भरून, पाण्याच्या पृष्ठाशी डोळा लावून तिने टिकलीच्या समपातळीत दगडावर चुन्याची खूण केली. आरशाचा ठिपका त्या खुणेवर असा बसला की उत्तमराव बराच वेळ पाहत राहिले.

"बरोबर हाये," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढे निघणे म्हणजे पुष्कळ होते.

उत्तमरावांच्या जोडीला खणायला मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा हेमसिंग आला होता, आणि त्याच्याबरोबर त्याची बायको हिरीबाई. मुरूम उपसायला आणखी दोन रोजदार होते. हिरीबाई उंच, खळखळून हसणारी. भर कामात गाणे म्हणायची आणि कोणी काही विचारले तर उत्तराऐवजी आधी हसायची. पहिले काही दिवस ती वर मुरमाच्या ढिगाऱ्यावर होती. तिथे ती गिरजाबाईच्या डोळ्यांत मुळीच सलली नाही.

बोगदा आरशापासून जेमतेम तीन हातांवर गेला होता, तेव्हा खालचा आरसा बिघडला. विहिरीच्या ओलीने त्याच्या पाठीचा पारा सुटू लागला. आधी कोपरा काळा झाला, मग मधोमध डाग पडले, आणि आठ दिवसांत निम्मा आरसा आंधळा झाला. उत्तमराव नवा आरसा आणायला वाशीमला निघाले, तर हिरीबाई ढिगाऱ्यावरून उतरली.

"नवा बी असाच सडन, भाऊ. पारा लावला का वल त्याले खातेच. बिनपाऱ्याचा लावा ना."

"बिनपाऱ्याचा आरसा असते काय?" उत्तमराव हसले.

"पाहाच तुमी."

मागल्या वर्षी वाशीमला एका फोटोवाल्याचे घर सारवताना तिला टाकून दिलेल्या काचा मिळाल्या होत्या, जुन्या फोटोंच्या. राखेने आणि कढत पाण्याने तिने त्या घासून स्वच्छ केल्या होत्या. कोणाचे फेटे, कोणाची लग्ने गटारात वाहून गेली असतील. त्यांतल्या वीस काचा तिने एकावर एक रचल्या. मध्ये कडेकडेने जाड कागदाच्या पट्ट्या ठेवल्या, म्हणजे ओलीने त्या एकमेकींना चिकटू नयेत. सगळी थप्पी सुतळीने बांधली. एक काच धरली तर उजेड आरपार जाई, थोडासाच परत येई. पण पहिलीतून सुटलेला दुसरी परतवी, दुसरीतून सुटलेला तिसरी, आणि विसावीपर्यंत बहुतेक सगळा उजेड माघारी फिरे. पाऱ्याचा थेंब नसताना ती थप्पी रुप्यासारखी चकाकत होती.

ती तिवईवर ठेवली, टिकली वरच्या काचेवर लावली, आणि उजेड बोगद्यात गेला. आतून उत्तमरावांचा आवाज आला.

"वा! हा उजेड थंडा हाये, हेमसिंग. आरशाचा डोयात सुईसारखा जाये. हा पान्यासारखा हाये."

काठावर आरसा धरून बसलेल्या गिरजाबाईने ते ऐकले. थप्पीला उजेड देणारा झोत तिचाच होता. पण आत पोचेपर्यंत तो हिरीचा झाला होता.

त्या दिवसापासून हिरीबाई तळाशी बसू लागली. काचांवर मुरमाची धूळ बसे, ती सारखी पुसावी लागे. आतून काही लागले की उत्तमराव तिला हाक मारत: "हिरीबाई, धूय बसली!" "हिरीबाई, पानी!" "हिरीबाई, पहार घासून आन!" विहिरीच्या भिंती ते नाव उचलून वर आणून सोडत.

त्या घरात आणि त्या काळात नवरा बायकोला नावाने हाक मारत नसे. उत्तमराव गिरजाबाईला "अवं" म्हणत, फार तर "आयकलं का". ती त्यांना तेही म्हणत नसे, बांगड्या वाजवी. चौदा वर्षांत आपले नाव त्यांच्या तोंडून तिने एकदाही ऐकले नव्हते, आणि त्याची तिला कधी उणीवही वाटली नव्हती. आता ती काठावर बसून मोजू लागली. एका दिवशी सूर्य माथ्यावर येईपर्यंत हिरीचे नाव सत्तावीस वेळा वर आले. दुसऱ्या दिवशी एकतीस.

पुढे ही हकीकत सांगणाऱ्यांपैकी काहींनी उत्तमराव आणि हिरीबाई यांच्याविषयी भलते सुचवले आहे. त्याला कसलाही आधार सापडत नाही. हेमसिंग दिवसभर उत्तमरावांच्या खांद्याला खांदा लावून तिथेच खणत होता. गिरजाबाईलाही तसा संशय नव्हता. असता तर बरे झाले असते. संशयावरून भांडता येते. तिला खुपत होते ते वेगळेच. उजेड हे तिचे काम होते, त्या एकाच कामात नवऱ्याने तिला कधी नव्हे ते "बरोबर हाये" म्हटले होते, आणि ते काम परक्या बाईने वीस टाकाऊ काचांनी तिच्या हातून काढून घेतले होते.

थप्पी बसवली त्या सकाळी एक गोष्ट घडली होती. पत्रा धरून पाहिले तर ठिपका तीन हातांवरच्या चुन्याच्या खुणेवर न पडता दोन बोटे खाली पडला. वरची कड ठसठशीत, खालची विरत गेलेली.

"तिवई हलली वाट्टे," हेमसिंग म्हणाला.

"कलव जराक वर," उत्तमरावांनी सांगितले.

हिरीबाईने थप्पीच्या मागे लाकडाची चिपटी सारली. ठिपका वर चढला आणि खुणेवर बसला. सगळ्यांचे समाधान झाले. कोणी तो प्रसंग लक्षात ठेवला नाही. फक्त गिरजाबाई त्या दिवशी खाली उतरली तेव्हा तिला ती चिपटी दिसली आणि मनात राहिली. तिवईचे पाय तिने स्वतः गेरूने खुणावले होते. ते केसभरही हललेले नव्हते. मग ठिपका उतरला का?

पंधरा-सोळा दिवस ती हा प्रश्न घेऊन काठावर बसली. बोगदा अठरा हातांवर गेला. आत काम छान चालले होते. पाझरलेले पाणी पायाशी न साचता मागे विहिरीकडे वाहून येई; खणणारे कोरड्यात उभे असत.

"हिरीबाईचा पायगुन चांगला हाये," उत्तमराव जेवताना म्हणाले. "बोगदा कसा खडखडीत हाये पाह्य."

गिरजाबाईने भाकरी वाढली. पण पाणी मागे वाहते याचा अर्थ ती कोणी न सांगता समजली: बोगदा पुढे चढत होता.

दुसऱ्या दिवशी बाजार होता, काम बंद. काचा धुवायच्या म्हणून तिने थप्पी घरी आणली. अंगणात पाटावर आधी आपला वेणीफणीचा आरसा कलता ठेवला, त्यावर टिकली लावली, पत्र्याच्या छिद्रातून ऊन घेतले आणि पाच हातांवरच्या भिंतीवर जिथे ठिपका पडला तिथे गेरूची रेघ ओढली. मग आरसा काढून नेमक्या त्याच जागी, त्याच कलावर, थप्पी ठेवली. ठिपका रेघेखाली दोन बोटे उतरला.

तिने पाट उचलला आणि गोठ्याच्या भिंतीसमोर, पंधरा हातांवर मांडला. पुन्हा आधी आरसा, मग थप्पी. कल चुकत असता तर इथे फरक तिप्पट, सहा बोटांचा, दिसायला हवा होता. तिने बोटे टेकवून मोजले. दोनच बोटे. सूर्य सरकला म्हणून पुन्हा मांडणी केली, पुन्हा मोजले. दोनच.

तेव्हा तिला उलगडले. आरसा उजेडाला एकाच ठिकाणाहून परत धाडतो. थप्पी तसे करत नाही. काही उजेड वरच्या काचेवरून फिरतो, काही पाचवीवरून, काही पंधरावीवरून. आत शिरून, खाली उतरून मग फिरतो, आणि म्हणून सगळा झोत खालच्या बाजूने बाहेर येतो. त्याची दिशा चुकत नाही, तो फक्त बाजूला सरकतो. अशा उजेडाला कलवून खुणेवर आणणे चूक. तिवईच दोन बोटे उंच करायला हवी होती. कलवल्यामुळे ठिपका तीन हातांवर खुणेला भेटला खरा, पण तिथून पुढे दर तीन हातांना तो दोन-दोन बोटे वर चढत गेला असणार.

हे शब्द अर्थात तिचे नाहीत. तिने ते बोटांनी समजून घेतले होते. पण समज पक्की होती. पाटासमोर उकिडवी बसलेली असतानाच तिला हेही कळले की आता ती दोनपैकी एक करू शकते. सांगितले तर चिपटी निघेल, तिवई उचलली जाईल, बोगदा सुधारेल, आणि थप्पी तळाशी राहील. हिरीही राहील, तिचे नावही. नाही सांगितले तर एक दिवस बोगदा चुकेल, थप्पीवर आळ येईल, आणि थप्पी विहिरीबाहेर फेकली जाईल.

तिने काचा धुतल्या, एकेक पुसली, सुतळीने बांधल्या आणि दुसऱ्या दिवशी हिरीबाईच्या हातात दिल्या.

"कशा चकचकीत केल्या वं बाई तुमी!" हिरीबाई हसली. "माह्यापेक्षाबी चांगल्या."

"हाव," गिरजाबाई म्हणाली आणि काठावर जाऊन बसली.

असे बारा दिवस गेले. या बारा दिवसांविषयी तिने पुढे कोणाला काही सांगितल्याचे आढळत नाही. एवढे मात्र खरे, की वरच्या आरशात तिने एकदाही कसूर केली नाही. ओळंब्याची सावली टिकलीवरून हलली नाही. तिचा हात जितका बिनचूक, तितका बोगदा बिनचूकपणे चुकत होता. आतून हसणे ऐकू आले की ती मनातल्या मनात हात मोजी: चोवीस... सव्वीस... आता राहिलेच किती?

तेविसाव्या हातानंतर पलीकडच्या घणाचे ठोके ऐकू येऊ लागले होते. एकोणतिसाव्या हाताला उत्तमरावांनी दगडाला कान लावला. ठोके समोरून येत नव्हते. ते खाली वाकले, मग गुडघ्यांवर बसले. ठोके पायाखालून येत होते.

थोड्याच वेळात गुलाबराव बांध ओलांडून काठावर आले आणि खाली ओरडले, "भाऊ, कुठं चाल्ले तुमी? विहिरीले जाऊन राह्यले का आभायात? माह्या गड्याच्या डोक्यावर तुमची पहार वाजून राह्यली!"

सगळे बाहेर, विहिरीच्या तळाशी आले. दोन्हीकडून मापे घेतली. धाकट्याचा बोगदा पातळीत होता. थोरल्याचा दीड वीत वर गेला होता. उत्तमरावांचा चेहरा उतरला. महिनाभर पाठ मोडून काढलेले काम. त्यांची नजर तिवईवर गेली.

"हिरीबाई, तुह्या काचेनं घात केला."

"काच काय करन, भाऊ?" हेमसिंग मध्ये पडला. "उजेड त तुमालेच आवडला होता."

"आवडला म्हनून काय झालं? आरसा होता तवा ठिपका खुनेवर होता. हिरीबाईची थप्पी आली आन सारं बिघडलं. हिरीबाईचा उजेडच वाकडा. उद्यापासून हिरीबाईले कामावर आनू नको, न् हे भंगार उचल इथून!"

हिरीबाई पहिल्यांदाच हसत नव्हती. तिने थप्पी पोटाशी धरली होती.

गिरजाबाईला हवे ते समोर घडत होते. काठावरून ती ते सगळे ऐकत होती, आणि तिला आनंद होईना. हिरीबाई, हिरीबाई, हिरीबाई. चांगले झाले तरी हिरीबाईमुळे, वाईट झाले तरी हिरीबाईमुळे. जिने खूण बांधली, जिने दोन भिंतींवर बोटे ठेवून उजेडाचे मर्म काढले, जिने जाणूनबुजून बारा दिवस गप्प राहून तो बोगदा वर चढू दिला, तिचा या सगळ्यात कुठे उल्लेखच नव्हता. उद्या गावभर सांगतील, हिरीने बोगदा बिघडवला. ती चूकसुद्धा हिरीच्या नावावर जावी, हे तिला सोसवेना.

ती पायऱ्या उतरून खाली आली.

"काचीत खोट नाई," ती म्हणाली. "मांगं चिपटी घातली, तेथं चुकलं. तिवई उचलाची होती."

"तुले काय कयते त्यातलं?" उत्तमराव त्रासून म्हणाले.

"मले बारा दिसापासून ठाव हाये."

तिने हिरीबाईच्या हातून थप्पी घेतली, चिपटी काढून फेकली, तिवईच्या पायांखाली दोन बोटे जाडीचे दगड सरकवले. वर काठावर असलेल्या गुलाबरावांना आरसा धरायला सांगितले. पत्रा धरला. बोगद्याच्या टोकाला ठिपका पडला तो आता पायाजवळ, जमिनीच्या जरा वर, जिथून धाकट्याच्या गड्यांचे ठोके येत होते. मग तिने हेमसिंगला बोगद्यात दहा हातांवर पाटी धरून उभे केले, नंतर वीस हातांवर. जुन्या आरशाचा न सडलेला कोपरा आणि थप्पी आळीपाळीने ठेवून दाखवले. दहावर दोन बोटे. विसावर दोन बोटे.

"हे तुले बारा दिसापासून ठाव होतं," उत्तमराव हळू म्हणाले. "आन तू वर बसून राह्यली?"

"हाव."

"काहून?"

ती तिवईखालचे दगड चाचपत राहिली. त्यांच्याकडे पाहीना. उत्तर दुसऱ्याच तोंडून आले.

"बाई," हिरीबाई म्हणाली, "माह्या काचीवर राग होता त काच फोडाची होती. भाऊच्या पाठीवर कायले काढला?"

हेमसिंगने तिला आपल्या बोलीत काहीतरी दटावले. पण ती थांबली नाही. थप्पीकडे वळून तिने सुतळी सैल केली, वरच्या दहा काचा राहू देऊन खालच्या दहा अलगद काढून घेतल्या आणि पत्रा धरला. ठिपका वर सरकला. फरक आता बोटभरच उरला.

"पाह्य," ती जणू स्वतःशीच म्हणाली, "थर कमी, त सरकनंबी कमी."

गिरजाबाई बघत राहिली. बारा दिवसांत तिला हे सुचले नव्हते. कबुली देऊन, बोलणी खाऊन जे एक ज्ञान तिने आपले म्हणून पुढे मांडले होते, त्यात ती बाई उभ्या उभ्या एक पाऊल पुढे गेली होती. वरून गुलाबराव हसले: "वैनी, गुरू झाल्या, चेलीबी भेटली!" गिरजाबाईच्या कानशिलांना आग लागली.

उत्तमराव रागावले नाहीत. रागावले असते तर तिला सोपे गेले असते. त्यांनी बोगद्यात जाऊन चढ पाहिला, बाहेर आले आणि हिशेबाने सांगितले: शेवटच्या चौदा-पंधरा हातांची जमीन उतरवावी लागेल, छत आहे तसे राहील, पंधरवडा जाईल. मग तिच्याकडे न पाहता म्हणाले, "उद्यापासून उजेडाचं सारं काम तुहं. वरचं बी, खालचं बी. थप्पीले दुसरं कोनी हात लावाचा नाई." आणि हेमसिंगला म्हणाले, "हिरीबाई कामावर राहीन. चुकलं ते मीच कलव म्हनलं होतं. आता मुरूम लय निंगन. टोपले घेऊन तिले आतच येऊ दे."

असे गिरजाबाईचे काम तिला परत मिळाले, आणि पूर्वीपेक्षा जास्त मिळाले. सकाळी ती सर्वांच्या आधी उतरे, काचा पुसे, तिवईखालचे दगड बोटांनी चाचपे, पत्रा धरून ठिपका पाही, आणि वर येऊन आरशाशी बसे. तिच्या परवानगीशिवाय थप्पीला वारासुद्धा लागत नव्हता. आता तळाशी कोणी बसत नसे. हिरीबाई टोपली घेऊन थेट आत जाई, थप्पीपासून तीस हातांवर, जिथे उत्तमराव वाकून जमीन तोडत. ती टोपली भरी, बाहेर आणी, पुन्हा आत जाई.

उजेड धरणाऱ्याला उजेडाबरोबर आत जाता येत नाही, हे तिसऱ्या दिवशी गिरजाबाईच्या लक्षात आले.

"हिरीबाई, जपून," आतून आवाज आला. "छत खाली हाये तिकडं. डोकं लागते."

मग हिरीबाईचे हसणे. मग उत्तमरावांचे. काय झाले ते वर कळले नाही.

गिरजाबाईच्या मुठीतली खुंटी किंचित फिरली. तिने मुद्दाम फिरवली की मूठ आपोआप आवळली गेली, हे तिलाच सांगता आले नसते. ओळंब्याची सावली टिकलीवरून ढळली आणि विहिरीत क्षणभर काळोख भरला.

"अवं, उजेड!" उत्तमराव ओरडले. "पहार चालू हाये, पायावर पडन ना कोनाच्या!"

कोणाच्या, ते तिने विचारले नाही. तिने खुंटी मागे आणली, सावली टिकलीवर बसवली, आणि सूर्य सरकेल तसा आरसा सरकवत राहिली. आत दोघांना सारखाच उजेड मिळत होता, आणि तो देणारी तीच होती.